नाकासमोर

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावली उजव्या नाकपुडीत
आणि उजेड डावीकडून बाहेर आला.

मला वाटलं, यंत्राचीच काही करामत.
त्या म्हणाल्या, मधला पडदा गेलाय.
कधी गेला ते काशीरामला सांगता येईना.
दुखलंच नाही म्हणाला.
थोडी खपली यायची, थोडं रक्त,
आणि झोपेत श्वासाबरोबर बारीक शीळ.
ती मी तीन वर्षं शेजारी पडून ऐकली
आणि समजत राहिले,
माणूस स्वप्नात गुणगुणतोय.

अंबडच्या एका शेडमध्ये सोळा वर्षं
तो नळांना चकाकी देतो.
पितळी नळ तारेला टांगायचे,
आधी निकेलच्या टाकीत, मग क्रोमच्या.
टाकीतलं पाणी काळपट तांबडं,
फरशीवर सांडलं की हळदीचं.
बुडबुडे फुटतात, त्यांची वाफ
दिसत नाही, नुसती चढते.
ओढून घेणारा पंखा आहे.
त्याचा पट्टा गेल्या शिमग्याला तुटला.
मास्कही आहेत, कपाटात,
साहेब तपासायला येतात त्या दिवसापुरते.

बोटांच्या पेरांवर त्याला खड्डे आहेत,
गोल, उभ्या काठांचे,
जणू कुणी पेन्सिल टेकवून फिरवली.
योजना लहान असताना
एकेका खड्ड्यात नागलीचा दाणा ठेवून
आकडे शिकली.
सातापर्यंत.

आम्ही पेठकडचे.
मोहाची फुलं पडायला लागली की
हा अंधारात झाड हुडकायचा, नुसत्या वासावर.
इथे आल्यावर मी मसाला भाजायला बसले
की बाहेरच्या ओट्यावरून ओरडायचा,
दगडफूल काढ गं, करपतंय!
अर्धी गल्ली माझा मसाला न्यायची,
त्यातला निम्मा मान त्याच्या नाकाचा.
आता मी विचारते, झालं का?
तो कढईवर वाकतो, मनापासून,
मग माझ्या चेहऱ्याकडे बघून
म्हणतो, झालं.

शेडमागे नाला, नाल्यापुढे नासर्डी.
कागदावर तिला नंदिनी म्हणतात आता.
टाकी उपसली त्या दिवशी पिवळी,
कधी हिरवट, शेवाळाची नव्हे ती हिरवी.
शनिवारी, कारखान्यांच्या सुट्टीला,
थोडी नदीसारखी दिसते.
काठाला पालक येतो तळहाताएवढ्या पानांचा.
विकणाऱ्या सगुणाबाईंना मी विचारलं,
तुम्ही घरी करता का हो?
त्या जुडी बांधत राहिल्या.
म्हणाल्या, आमच्यात आवडत नाही कुणाला.

पुढे ती गोदावरीला मिळते.
मग मी विचार करत नाही.

म्हणतात, या गावाचं नावच
एका कापलेल्या नाकावरून पडलं.
तिचं बरं होतं.
तिने किंकाळी फोडली,
भावांनी ऐकली, सैन्यं निघाली.
याचं नाक जागच्या जागी आहे,
लग्नातल्या फोटोतल्याइतकंच सरळ.
भरपाईच्या फॉर्मवर एक रकाना होता,
अवयव गमावला काय?
कारकून म्हणाला, नाही लिहा,
दिसतंय की समोर.
काशीरामने नाही लिहिलं.
माझी आई सगळ्यांना सांगायची,
जावई मिळाला नाकासमोर चालणारा.

खोली बांधली तेव्हा शेठने
एक नळ दिला होता, बारीक डाग असलेला,
गिऱ्हाईकाने परत केलेला.
मोरीत तोच बसवलाय.
दात घासताना त्यात आपलं तोंड दिसतं,
सगळ्यांचं नाक मोठं.

रात्री शीळ वाजते.
नळ नीट बसत नाही, थेंब पडत राहतो.
मी दोन्ही ऐकते.
वायसर उद्या आणीन,
पाच रुपयांना मिळतो.